साठा दोन दिवसांचा

दुबईत मे महिना सरत आला की घरातील नळांची अदलाबदल होते. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उन्हात तापतात, त्यामुळे निळ्या खुणेच्या थंड नळातून हात पोळेल असे पाणी येते. गीझरचे बटण बंद ठेवले तर त्याच्या टाकीतील पाणी मात्र एसीच्या गारव्यात घरातच पडून राहते, म्हणून लाल खुणेचा नळ अंगावर घेण्याजोगे पाणी देतो. इथे मुरलेली कुटुंबे पावसाळ्याच्या आपल्या चार महिन्यांत गीझर बंद ठेवून असाच व्यवहार करतात. नव्याने आलेला माणूस निळा नळ सोडतो आणि पाणी निवण्याची वाट पाहत उभा राहतो. ते निवत नाही, कारण तापलेले असते ते केवळ नळीत साचलेले पाणी नव्हे, वरची अख्खी टाकीच तापलेली असते. तेवढ्या वेळात जे पाणी मोरीतून निघून जाते, ते फार दिवस झाले नसतील, समुद्रात होते.

संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी नदी नाही. वर्षाचा पाऊस सरासरी १०० मिलिमीटरच्याही खाली. जमिनीखाली पाणी आहे, परंतु त्यातील बरेचसे खारे आहे आणि जे गोडे होते ते गेल्या काही दशकांत शेतीसाठी बेसुमार उपसले गेले. म्हणून शहरातील नळाला येते ते जवळपास सगळे पाणी निःक्षारीकरण केलेले, म्हणजे आखातातून उचलून गोडे केलेले असते. जुन्या प्रकल्पांत वीजनिर्मितीतून उरलेल्या वाफेवर समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ धरतात. नव्या प्रकल्पांत ते प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलतात, ज्याला रिव्हर्स ऑस्मोसिस म्हणतात, आणि त्यासाठी दर हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. वाफेच्या पद्धतीला याहून कितीतरी अधिक ऊर्जा लागते. मागे उरलेले दुप्पट खारे पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते, आणि हा समुद्र महासागरासारखा खोल नाही. आखाताची सरासरी खोली अवघी ३५ मीटर आहे, होर्मुझची सामुद्रधुनी हीच त्याची बाहेर पडण्याची वाट आहे, आणि कडक उन्हामुळे त्याचे पाणी मुळातच महासागरापेक्षा जास्त खारे आहे. २००८-०९ मध्ये याच किनाऱ्यावर सूक्ष्म शेवाळाची लाल भरती आली आणि कित्येक महिने रेंगाळली, तेव्हा अमिराती आणि ओमानमधील काही प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. ज्या समुद्रावर एवढा विश्वास टाकलेला आहे, तो समुद्रही आजारी पडू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांना दिसले.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, त्यामुळे महिन्याचे बिल मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. इथे विजेचे आणि पाण्याचे बिल एकत्र येते. त्यात विजेचा वापर असतो, पाण्याचा वापर असतो, सांडपाण्याचा आकार असतो आणि वार्षिक घरभाड्याच्या ५ टक्के इतके पालिकेचे शुल्क महिन्यांत विभागून लावलेले असते. अनेक इमारतींत मध्यवर्ती शीतकरणाचे, म्हणजे चिलरचे, बिल आणखी वेगळे येते. या सगळ्यांत पाण्याची ओळ लहानच असते. वापर वाढत गेला की पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, तरीही एका साध्या कुटुंबाचे कंबरडे पाण्याच्या बिलाने कधी मोडत नाही. ते मोडते घरभाड्याने, शाळेच्या फीने आणि जुलै-ऑगस्टच्या एसीने. गोडे पाणी तयार करणेही पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. दुबईतील हस्यान येथील नव्या प्रकल्पासाठी २०२३ मध्ये जो दर ठरला तो दर घनमीटरला सुमारे ०.३७ डॉलर, म्हणजे हजार लिटरला ३७ सेंटच्या आसपास होता. अशा दराच्या जगात पाणी वाचवून पैसे वाचतील असे कोणाला सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वाचतात ते थोडेच वाचतात, आणि ज्याला पैशांची खरी चिंता आहे त्याचे लक्ष त्या ओळीकडे कधी जाणारच नाही.

पैशांची चिंता इथे कशी असते, ते इथे न राहिलेल्या माणसाला सांगणे कठीण जाते. गावाकडे सगळ्यांची समजूत अशी असते की दिरहममध्ये पगार म्हणजे ददात मिटली. पगाराचा आकडा मोठा असतो हे खरेच आहे, आयकर कापला जात नाही हेही खरे आहे. परंतु घरभाडे वर्षाचे ठरते आणि ते मोजक्याच चेकमध्ये द्यावे लागते. करारावर सही करतानाच पुढच्या तारखांचे चेक घरमालकाच्या हाती ठेवावे लागतात, आणि चेक जितके कमी तितके भाडे कमी लावतात. चेकची तारीख जवळ आली की त्या आधीचा महिना सगळे घर श्वास आवळून चालवते. शाळेची फी सत्रागणिक येते, तीही बहुधा त्याच सुमारास. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, म्हणून नोकरी गेली तर पगारापाठोपाठ या देशात राहण्याचा आधारही मुदतीचा होऊन जातो. निवृत्तिवेतन नाही. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांची, आणि हातात येणाऱ्या पगारात मूळ पगाराचा वाटा किती कमी असू शकतो हे नेमणूकपत्र नीट वाचल्याशिवाय कळत नाही. हे मी पगारदार माणसाच्या चिंतेबद्दल लिहिते आहे. एजंटाला पैसे भरण्यासाठी गावी व्याजाने कर्ज काढून जो बांधकामावर येतो आणि दोन वर्षे केवळ ते कर्ज फेडतो, त्याच्या चिंतेपुढे माझी चिंता फार लहान आहे, आणि हे मला विसरता येत नाही.

त्यात रुपयाची भर असते. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला की तोही आपोआप चढतो. २००८ च्या सुरुवातीला एका दिरहमला पुरते ११ रुपयेही मिळत नव्हते. २०२२ मध्ये हा दर २२ च्या पुढे गेला. पगार झाला की गावी पैसे पाठवण्याच्या दुकानासमोर, म्हणजे एक्स्चेंजसमोर, रांगा लागतात, आणि रांगेतले निम्मे लोक आज पाठवावे की उद्या आणखी पाच-दहा पैसे चढतील या विचारात मोबाइलवर दर पाहत उभे असतात. दर चढल्याचा आनंद मलाही होतो आणि पाठोपाठ अस्वस्थताही वाटते, कारण तिकडे पोहोचलेल्या त्या जास्तीच्या रुपयांत खत, डिझेल आणि औषधे पूर्वीपेक्षा जास्त येत नाहीत. आकडा वाढतो, पण त्या आकड्याच्या मागे उभे राहणारे काही वाढलेले नसते.

हा विचार मला पाण्याकडे घेऊन गेला. अमिरातीच्या सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये २०३६ पर्यंतचे जलसुरक्षा धोरण जाहीर केले. पाण्याची एकूण मागणी २१ टक्क्यांनी कमी करायची, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापैकी ९५ टक्के पुन्हा वापरात आणायचे, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. त्यातच साठ्याचेही उद्दिष्ट दिलेले आहे: नेहमीच्या परिस्थितीत दोन दिवस पुरेल एवढा साठा. मी ते वाक्य पुन्हा वाचले. इतका संपन्न देश, चोवीस तास नळाला पाणी, रस्त्याकडेला पेटुनियाची फुले, आणि गाठीशी ठेवायचा नेहमीचा साठा दोन दिवसांचा. आणीबाणीत काटकसरीने वाटून तो अधिक दिवस पुरवण्याची योजनाही त्या धोरणात आहे, पण मूळ आकडा दोनच दिवसांचा आहे. बिलातील पाण्याची ती लहानशी ओळ या दोन दिवसांविषयी काहीच सांगत नाही. पाण्याला किती पैसे पडतात ही एक गोष्ट आहे आणि पाणी किती शिल्लक आहे ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि आपण सगळे पहिली पाहून दुसरीचा अंदाज बांधत असतो.

अबुधाबीने यावर जो उपाय केला तो मला विलक्षण वाटतो. रब-अल-खालीच्या, म्हणजे रिकाम्या प्रदेशाच्या, उत्तर कडेला लिवा नावाचा मरूद्यानांचा पट्टा आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांखाली गोड्या पाण्याचा एक नैसर्गिक थर आहे. समुद्रकिनाऱ्यावर गोडे केलेले पाणी नळांवाटे वाळवंटात आत नेऊन त्या थरात जिरवण्यात आले, आणि गरज पडली तर ते उपसण्यासाठी विहिरी खोदून ठेवण्यात आल्या. या जलसाठ्याचे उद्घाटन २०१८ च्या जानेवारीत झाले. त्यात २.६ कोटी घनमीटर पाणी आहे, आणि सगळे निःक्षारीकरण थांबले तरी १० लाख लोकांना ९० दिवस ते पुरावे असा त्याचा हेतू आहे. एवढे पाणी उघड्यावर ठेवले असते तर या उन्हाने त्याचा मोठा वाटा उडवून नेला असता. वाळूखाली ते उडत नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आणखी मोठा कारखाना उभारण्याबरोबरच पाणी जमिनीत मुरवण्यावर खर्च केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

परदेशी राहणाऱ्या माणसाचा पगार नळाच्या पाण्यासारखा असतो: येतो तोवर भरभरून येतो, आणि येतो आहे म्हणून तो आहे असे वाटते. आमच्या ओळखीच्या कुटुंबांत मोठ्या पगाराची माणसेही अशी आहेत की नोकरी सुटली तर दुसऱ्या चेकपर्यंत त्यांचा निभाव लागणार नाही, आणि जेमतेम मिळवणारीही अशी आहेत की ती सहा महिने शांतपणे दुसरी नोकरी शोधू शकतील. रात्री झोप कोणाला लागते हे पगारावरून ठरत नाही. हे मी अनेकांचे हिशेब जवळून पाहिल्यावर म्हणते आहे. म्हणून आता माझ्याकडे कोणी हिशेब घेऊन आले की मी पगार किती असे आधी विचारत नाही. उद्यापासून पगार थांबला तर किती दिवस, एवढेच विचारते. उत्तर द्यायला बहुतेकांना वेळ लागतो.

वाळवंटात साठ्याचा विचार काही आज सुरू झालेला नाही. ओमानमध्ये निझवाजवळ फलज दारिस आहे. फलज म्हणजे डोंगरपायथ्याच्या भूजलापासून हलक्या उताराने, बराचसा भाग जमिनीखालून, वस्तीपर्यंत आणलेला पाट. पंप नाही, फक्त उतार. ओमानमधील अशा पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि तेथे जवळपास तीन हजार फलज अजून वाहते आहेत. आम्ही दारिसच्या काठाशी बसलो होतो. कमरेइतक्या रुंदीचा पाट, तळाचा खडा दिसेल असे नितळ पाणी, आणि पाय सोडून बसलेली मुले. अशा पाटाचे पाणी वाटतात ते वेळेवर. एका वाट्याला ‘अथर’ म्हणतात, साधारण अर्ध्या तासाचा. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून हा वेळ मोजत. आता घड्याळ आहे, पण पाळ्या त्याच आहेत. काही वाटे खुद्द फलजच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून पाटाचा गाळ काढणे, पडझड दुरुस्त करणे ही कामे चालतात. पाटाची डागडुजी उरलेल्या पैशांतून व्हायची नाही, तर तिच्यासाठी पाण्याचाच एक हिस्सा आधीपासून बाजूला काढून ठेवायचा, ही व्यवस्था पाहून हिशेबनीस म्हणून मी थक्क झाले.

त्याहून मोलाचा वाटला तो पाण्याचा क्रम. पाट वस्तीत शिरतो तेथे सर्वांत वर पिण्याचे पाणी भरायचे. त्याच्या खाली मशीद आणि स्नानाची जागा, त्याच्या खाली खजुराच्या बागा, आणि सर्वांत शेवटी हंगामी पिकांची जमीन. खजुराचे झाड वाढायला वर्षे लागतात, त्यामुळे त्याचे पाणी तोडायचे नाही. हंगामी जमिनीचे तसे नसते. पाऊस बरा झाला, पाट भरून वाहिला, की ती जमीन पेरायची. पाणी उतरले की ती पडीक ठेवायची. दुष्काळ पडल्यावर कोणाचे पाणी तोडायचे यावर तेव्हा भांडत बसावे लागू नये, म्हणून काय आधी कोरडे पडेल हे सुकाळातच ठरवून ठेवलेले असते. आपल्या घराघरांत पैशांवरून जी भांडणे होतात त्यांतली बहुतेक केवळ एवढे ठरलेले नसते म्हणून होतात, असे माझे मत आहे. पैसा कमी पडल्यावर आधी काय थांबायचे, हे पैसा कमी पडण्यापूर्वी कोणी कोणाला सांगितलेलेच नसते.

आमच्या घरात आम्ही तसे बसून ठरवले. घरभाडे, शाळा, आरोग्यविमा आणि गावी आईच्या औषधांचे पैसे ही आमची खजुराची बाग. सुट्टीतील प्रवास, नवे फर्निचर, मोठी गाडी ही हंगामी जमीन. ती एखाद्या वर्षी पडीक राहिली तरी कोणाचे वाईट होत नाही. आणि डागडुजीचा वाटा म्हणून दर पगारातून आधीच बाजूला काढलेली रक्कम, जी चेकसाठीसुद्धा हलवायची नाही. यात नवे काहीच नाही, काटकसरीचे हे धडे आपल्या आजीलाही ठाऊक होते. फरक एवढाच पडला की आता नवऱ्याला आणि मुलांनाही हा क्रम माहीत आहे, त्यामुळे मी नाही म्हटले की ते माझे एकटीचे नाही म्हणणे राहत नाही.

पाण्याच्या बाबतीत आम्ही जे करतो ते बिलासाठी करत नाही, त्या दोन दिवसांसाठी करतो. नळांच्या तोंडाशी हवा मिसळणारी जाळी बसवली आहे. उन्हाळ्यात तापलेला नळ वाहता सोडायचा नाही, बादली भरून निवायला ठेवायची, हा नियम धाकट्यालाही पाठ आहे. बाल्कनीत एसीची निचऱ्याची नळी येते, तिच्याखाली आम्ही बादली ठेवतो. ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट वारा आला की काचा बाहेरून घामेजतात, आणि नळीतून टपटप न पडता बारीक धार लागते. दुपारपर्यंत बादली गळ्याशी येते. हे पाणी हवेतून आलेले असते. ते प्यायचे नसते, पण फरशी पुसायला आणि झाडांना उत्तम. कढीपत्ता आणि तुळस त्यावर चांगली वाढली आहेत. बुर्ज खलिफामध्ये अशाच पद्धतीने एसीचे पाणी गोळा करतात आणि वर्षाकाठी सुमारे १.५ कोटी गॅलन पाणी तेथील बागांना देतात, हे कळल्यावर इमारतीच्या नातूरनेही, म्हणजे रखवालदारानेही, खाली कुंड्यांसाठी पिंप लावले.

आमचे गाव जालना जिल्ह्यात आहे. तेथे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथल्यापेक्षा सात पटींहून अधिक, आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते ती तेथे, इथे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे लेकरांसारखी जपलेली झाडे लोकांनी तोडून सरपणाला घातली. आमची थोडी झाडे वाचली, ती आईने धुण्याभांड्यांचे पाणीही त्यांनाच घातले म्हणून. माझ्या पगारातील मोठा वाटा या जमिनीत जातो. समुद्र गोडा करून जगणाऱ्या शहरात मिळवलेले पैसे पाऊस पडणाऱ्या गावात पाणी शोधण्यासाठी खर्च होतात, हे मला वर्षे उलटली तरी सहज पचत नाही.

या हिवाळ्यात भावाचा फोन आला. “ताई, औंदा दुसरी बोअर घ्यावीच लागंल. मशीनवाला म्हणतोय, सहाशे फुटांवर हमखास पाणी हाय.”

“आधीची किती फुटांवर आहे?”

“चारशे.”

“आणि ती चार वर्षांत का आटली, हे मशीनवाल्याला विचारलंस का?”

तो गप्प बसला. त्याचाही दोष नाही. बागेला पाणी कमी पडताना डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाला थांब म्हणणे सोपे नसते. परंतु आपला काळा कातळ बेसाल्टचा आहे. त्यात पाणी धरून ठेवतो तो मुख्यतः वरचा झिजलेला, भेगाळलेला थर. खोल गेल्यावर एखादी भेग लागली तर लागली. ती एकदा रिकामी झाली की लवकर भरत नाही. वरून काही मुरवायचेच नाही आणि खालून मात्र आणखी खोल जाऊन काढायचे, हा पगारावर कर्ज काढत जाण्याचाच प्रकार आहे. मी त्याला म्हटले की बोअरचे पैसे मी देणार नाही. आजोबांच्या विहिरीचा गाळ काढायला देईन, शेताचे पावसाचे पाणी गाळखड्ड्यातून विहिरीत सोडायला देईन, आणि ठिबक बदलायला देईन. शिवाय मोसंबी ही खजुराची बाग समजायची. पाऊस कमी झाला त्या वर्षी रब्बीचा तुकडा पेरायचाच नाही, हे आत्ताच ठरवायचे.

त्याने एक प्रश्न विचारला ज्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. “आपण मुरवू ताई, पण बांधाच्या पल्याड तिघांनी बोअरी घेतल्यात. आपलं पाणी त्येच उपसणार, मग?” फलजचे पाणी सगळ्या गावाचे असते, म्हणून त्याच्या पाळ्या ठरू शकतात, आपल्याकडे जमीन ज्याची त्याचे खालचे पाणी, असा समज अजूनही पक्का आहे. एका घराच्या निश्चयाने हे बदलत नाही.

तरी एक काम आम्ही सुरू केले आहे. भाऊ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडतो आणि काठापासून पाणी किती हातांवर आहे ते मला कळवतो. घरखर्चाच्या वहीत बँकेतील शिल्लक लिहिते त्याच्या शेजारी मी तो आकडा लिहिते. फेब्रुवारीचे माप सांगताना तो म्हणाला की शेजारच्या दोघांना त्याने दोरी दाखवली, त्यांच्याही विहिरी मोजू का म्हणून विचारले, आणि एकजण हो म्हणाला आहे. गाळ काढण्याचे अर्धे पैसे मी मार्चच्या पगारातून पाठवले. उरलेले चेकची तारीख उलटल्यावर, मेमध्ये पाठवणार आहे, म्हणजे मृगाच्या आत काम उरकेल.